शेपटातले तीन मण दहा शेर

१

दिग्रसबाहेरच्या माळावरून उडालेलं विमान पाचच मिनिटांत परत आलं. आलं ते नाक वर करून, लगाम ओढलेल्या घोड्यासारखं. मुरूम दाबून केलेल्या पट्टीवर त्याची चाकं दोनदा आपटली, धुळीचा लोट उठला आणि विमान पट्टीच्या अगदी टोकाला, बाभळीच्या कुंपणापासून वीस हातांवर थांबलं.

माळावर जमलेल्या हजारभर लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, विमान असंच उतरत असतं.

टाळ्या वाजवल्या नाहीत त्या फक्त एका माणसानं. हातातला कागद घट्ट धरून देवराव पांढराफटक उभा होता.

१९६१ सालचा जानेवारी चालू होता. दक्षिणेकडे कपाशीच्या पेरणीची वेळ टळून चालली होती आणि दिग्रसच्या निवडक सरकीचं बियाणं तिकडे तातडीनं हवं होतं. म्हणून नागपूरच्या एका खाजगी कंपनीचं मालवाहू विमान आलं होतं, डाकोटा जातीचं. बियाणं पंजाबरावांच्या जिनातलं, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यातलं. विमानात कोणतं पोतं कुठे ठेवायचं याचा हिशेब करायला कंपनीनं देवरावला पाठवलं होतं. देवराव इथलाच. त्याच्या घरानं छप्पन्न साली नागपूरला दीक्षा घेतली, आणि पुढच्याच वर्षी तो हे काम शिकायला गेला. आता कंपनीत त्याच्या सहीशिवाय एकही विमान जमीन सोडत नसे.

विमानाची शिडी उतरून कॅप्टन पूनमसिंग खाली आले. उंच, मिशाळ माणूस.

"देवराव," ते म्हणाले, "शेपूट जड होतं. मी आणि माझ्या सहवैमानिकानं मिळून दांडा पुढे दाबून धरला, तेव्हा कुठे नाक खाली आलं. आणखी थोडा भार असता, तर आपण आत्ता बोलत नसतो. तू केलंस काय?"

"साहेब, हिशेब बरोबर आहे."

"मग चूक कुणाची?"

देवरावनं कागद उलगडून पुन्हा पहिल्या ओळीपासून बेरीज सुरू केली.

२

दुपारी बारापर्यंत सगळी पोती उतरवून पुन्हा तोलली गेली. ऐंशी पोती, प्रत्येक सदुसष्ट पौंडांचं. एकही कमी नाही, एकही जास्त नाही. उतरवण्याआधी कॅप्टननी स्वतः आत जाऊन पाहिलं होतं. प्रत्येक पोतं कागदावर लिहिलेल्या जागीच, दोरांनी करकचून बांधलेलं होतं.

म्हणजे भार बरोबर, जागा बरोबर. तरी विमान वाकडं उडालं होतं.

"मी सांगतो," पंजाबराव म्हणाले. जिनाचे मालक, आवाज मोठा, फेटा त्याहून मोठा. "आता किलो आले नाई का नवे! यानं किलोचे पौंड केले असतीन नाई तं पौंडाचे किलो. या लोकायले कायले देता असलं काम? काल शिकले अन् आज इमान उडवून राह्यले! मी तं लेखी देतो!"

देवरावनं नजर कागदावरच ठेवली. सकाळपासून त्यानं तो हिशेब अकरा वेळा करून पाहिला होता. उत्तर दर वेळी तेच येत होतं. तरी अकराव्या वेळी त्याच्या मनात येऊन गेलं, की कदाचित आपल्यालाच येत नसेल.

"चार वाजता मी पोस्टातून कंपनीला फोन करणार," कॅप्टन म्हणाले. आवाजात राग कमी आणि दुःख जास्त होतं. "कारण सापडलं नाही तर मला देवरावचं नाव सांगावं लागेल. त्याचा परवाना जाईल. माझा इलाज नाही."

"पंजाबराव, किलोचं राहू द्या," मागून एक बाईचा आवाज आला. "ते गणित तुमाले जमणार नाई."

सगळे वळले. मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका कांताबाई उभ्या होत्या. ठेंगण्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, पदरात बोरं. विमान पाहायला त्यांनी शाळेला सुट्टी दिली होती आणि स्वतः सगळ्यांच्या आधी येऊन बसल्या होत्या. देवरावला अपूर्णांक शिकवले ते त्यांनीच.

"किलो अन् पौंडात घोळ झाला असता तर पुरा भारच दुपटीच्या वर गेला असता, नाई तं निम्मा झाला असता," त्या म्हणाल्या. "पोती तं आत्ता तोलली. भार तेवढाच हाय. थो घोळ नाई." मग त्या कॅप्टनकडे वळल्या. "साहेब, चाराले अजून चार तास हायत. मले इचारू देता थोडं?"

कॅप्टननी त्यांच्याकडे पाहिलं, मग पदरातल्या बोरांकडे. "विचारा," ते म्हणाले.

"मंग पयला प्रश्न. शेपूट जड होतं म्हणता. किती जड?"

कॅप्टन चमकले. सकाळपासून हे कुणी विचारलंच नव्हतं.

३

"तोलाचा बिंदू जिथे हवा त्याच्या तीन इंच मागे होता," कॅप्टन म्हणाले. "नाक सरळ ठेवायला एक चाक फिरवावं लागतं. ते किती फिरलं त्यावरून सांगतो."

"तीनच इंच?" पंजाबराव हसले. "तीन इंचानं का होते?"

उत्तर लखीरामनं दिलं. तो हमालांचा मुकादम, जवळच्या बंजारा तांड्यावरचा. त्याच्या आजोबांनी बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलूखच्या मुलूख पालथे घातले होते.

"मालक, बैलाच्या पाठीवर गोणी बरोबर मधात असली तं तो दिवसभर चालते," लखीराम म्हणाला. "तेच वझं चार बोटं मागं सरकलं का पुढचे पाय हलके होते, अन् घाटात बैल उलटा पडते. वझं तेवढंच राह्यते. जागा बदलते."

"शाबास," कांताबाई म्हणाल्या. त्यांनी काठी घेतली आणि धुळीत आकडे मांडले. "इमानाचं पुरं वजन पंचवीस हजार पौंड. तोल सरकला तीन इंच. गुणाकार पंच्याहत्तर हजार. आता देवराव, सांग. कागदावर नसलेला काही भार शेपटाच्या पार टोकाशी असला, तर तोलाच्या बिंदूपासून किती लांब?"

"मागच्या दाराच्या पलीकडे एक अंधारी पोकळी आहे, बाई. ताडपत्र्या ठेवतात तिथं. दोनशे ऐंशी इंच."

"भाग दे."

देवरावनं मनातच भागाकार केला. "दोनशे अडुसष्ट पौंड."

"अन् तो भार पोकळीत नसून मधात कुठं असला तं?"

"सत्तर इंचांवर धरला तर चौपट. हजाराच्या वर. सोळा पोती."

"सोळा पोती लपत नाईत. म्हणून भार पोकळीतच होता, दोनशे अडुसष्ट पौंड."

"म्हणजे चार पोती!" लखीरामच्या तोंडून निघून गेलं. सदुसष्ट चोक दोनशे अडुसष्ट. सगळ्यांच्या माना सावकाश पंजाबरावांकडे वळल्या. पोती त्यांच्या जिनातली होती.

"मी?" पंजाबरावांचा फेटा हलला. "मी चार पोती कायले लपवीन? माह्याच मालावर मीच?"

"तुमी नाई लपवली," कांताबाई म्हणाल्या. "पोती उतरवल्यावर कॅप्टन साहेबांनी पोकळी पाह्यली. रिकामी होती. हो ना? पोत्याले पाय नसतात, पंजाबराव. जे उडताना तिथं होतं अन् मंग नव्हतं, थे आपल्या पायानं गेलं."

कॅप्टननी विमानाकडे मान वळवली.

"माणूस?" कॅप्टन म्हणाले.

"दोनशे अडुसष्ट पौंडांचा?" देवराव म्हणाला. "बाई, तीन मण दहा शेर होतात. असा माणूस या तालुक्यात नाही."

"नाई," कांताबाईंनी एक बोर तोंडात टाकलं. "मंग एक नसन."

४

कांताबाई स्वतः शिडी चढून विमानात गेल्या. पोकळीत वाकून त्यांनी ताडपत्री झटकली. खाली पडला तो नखाएवढा हिरवा काचेचा तुकडा.

बाहेर येऊन त्यांनी लखीरामला बाजूला घेतलं.

"लखीराम, पोती कोणी चढवली?"

"आमच्या तांड्याच्या सात बायकायनं. माही बायको भुरी त्यात मुखिया."

"चढवून झाल्यावर सातही खाली उतरल्या?"

"उतरल्याच ना. म्हणजे..." लखीराम अडखळला. "मी पोती मोजत होतो बाई, बायका नाई. घागरे-ओढण्या सारख्याच दिसतेत, अन् धुळीनं समद्यायनं तोंडं झाकली होती."

"काम झाल्यावर त्यायले काय देता?"

"गूळ अन् शेंगदाणे. सात पुड्या पळसाच्या पानावर ठेवल्या होत्या." त्याला काहीतरी आठवलं. "इमान वर गेलं तवा एक पुडी तशीच होती. मले वाटलं, भुरी रुसली. सकाळी माह्यावर चिडलीच होती. मंग इमान उतरलं, बायका पोती काढायले वर चढल्या, अन् मंग भुरी आली. तिनं पुडी घेतली, पण खाल्ली नाई. तशीच ओढणीत बांधली."

"भुरीबाईचं वजन किती असन?"

"मंगळवारीच जिनाच्या काट्यावर गंमत म्हणून उभी झालती. एक मण दहा शेर."

कांताबाईंनी डोळे मिटले. तीन मण दहा शेरांतून एक मण दहा शेर गेले, उरले बरोबर दोन मण.

"तुमच्या सात बायकांत दोन मणांची कोण?"

लखीराम मोठ्यानं हसला. "बाई, आमच्या बायका दिवसभर डोक्यावर वझं वाहतेत. दोन मणाची कशी राहीन?"

"अन् काचेच्या बांगड्या कोण घालते तुमच्यात?"

"कोणीच नाई. आमच्यात पांढरे चुडे, मनगटापासून दंडापर्यंत."

कांताबाईंनी मूठ उघडून हिरवा तुकडा त्याला दाखवला. लखीरामचं हसू मावळलं. तांड्याचे कपडे घालून, तोंड झाकून, भुरीबाईबरोबर विमानात चढलेली दुसरी बाई तांड्याची नव्हतीच; आणि दोघी पोती काढणाऱ्या बायकांत मिसळून उतरल्या होत्या.

मग कांताबाई कॅप्टनकडे गेल्या. "साहेब, आज इमान एक घिरटी मारून इथंच परत येणार, मंगच दक्षिणेले जाणार, हे कोणाकोणाले ठाऊक होतं?"

"कुणालाच नाही. नवी पट्टी, म्हणून तपासणीची घिरटी ठरवली. ते मी काल जेवताना पंजाबरावांना सांगितलं. घरात दुसरं कुणी नव्हतं."

"वाढत कोण होतं?"

कॅप्टन काही बोलायच्या आत कांताबाई चपला घालून गावाकडे निघाल्या होत्या. तीन वाजून गेले होते.

५

पंजाबरावांच्या पत्नी तुळसाबाई भरदुपारी वाकळ पांघरून पडल्या होत्या. घसघशीत बाई, गावभर हसरी म्हणून ओळखलेली.

"ताप हाय," त्या वाकळीतून म्हणाल्या. "दूर बसा बाई, तुमाले लागन."

कांताबाईंनी कपाळाला हात लावला. कपाळ थंडगार होतं. मग त्यांनी तुळसाबाईंचा हात हातात घेतला आणि नाडी पाहावी तशा हिरव्या बांगड्या मोजल्या. उजव्या हातात सात, डाव्यात सहा.

"एक फुटली वाटते?"

"धुणं धुताना."

"तुमच्या घरी धुणं धुवायले बाई येते, तुळसाबाई."

वाकळ आणखी वर ओढली गेली.

"इमान पाहायले नाई आल्या सकाळी? अख्खं गाव आलं होतं."

"पाह्यचं काय त्यात? अंधारच..." तुळसाबाईंनी जीभ चावली.

कांताबाईंना हसू आलं, पण त्यांनी ते आवरलं. "बरं, पडा तुमी. मी जातो. देवरावची सोय पाह्यली पाह्यजे. त्याचा परवाना जाते आज चार वाजता."

वाकळ एका बाजूला उडाली.

"काय म्हणता?" तुळसाबाई उठून बसल्या. "कोणत्या देवरावचा? उकंडाच्या पोराचा? काहून?"

"त्याचा हिशेब चुकला म्हणून इमान वाकडं उडालं, असं सगळे म्हणतेत. तुमचे मालक तं लेखी देऊन राह्यले."

तुळसाबाईंचं तोंड उघडंच राहिलं. घरी आल्यापासून त्या भीतीनं पडून होत्या. बाहेर काय चाललंय हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

"बाई," त्या एकदम म्हणाल्या, "छकडा जुंपायले सांगा. अन् वाटेत तांड्यावरून भुरीले घेऊ."

६

चारला दहा मिनिटं कमी असताना कॅप्टन गाडीत बसत होते. पंजाबराव सही करायला मांडीवर तक्रारीचा कागद घेऊन बसले होते. तेवढ्यात छकडा धूळ उडवत माळावर आला आणि त्यातून आधी कांताबाई, मग भुरीबाई, मग वाकळ तशीच खांद्यावर असलेल्या तुळसाबाई उतरल्या.

"तुले तं ताप होता ना?" पंजाबराव म्हणाले.

"उतरला. थो कागद फाडा."

"लखीराम, काटा इकडे घ्या," कांताबाई म्हणाल्या.

पोती तोलायचा मोठा काटा अजून माळावरच होता. भुरीबाई आधी चढल्या आणि ओढणी तोंडात धरून उभ्या राहिल्या. वाकळ खाली टाकून त्यांच्याशेजारी तुळसाबाई चढल्या, तसा काटा कुरकुरला. लखीरामनं वजनं टाकली, एक काढलं, एक घातलं.

"तीन मण," तो म्हणाला. त्यानं पुन्हा पाहिलं. "दहा शेर."

कॅप्टननी हातातला कागद पाहिला, काटा पाहिला, आणि गाडीचं दार लावून घेतलं.

"मीच गेलती साहेब," तुळसाबाई काट्यावरूनच म्हणाल्या. "भुरीचा घागरा घालून. तिनं नाई म्हटलं होतं, म्याच वढून नेली. तुमी काल म्हटलं, एक घिरटी मारून परत येऊ. मले वाटलं, जत्रेतल्या पाळण्यावानी राहीन. एवढ्या पोत्यांत दोन बायकायनं काय होते!"

"काय होतं?" कॅप्टनचा आवाज चढला. "बाईसाहेब, आपण चौघं मेलो असतो! खालचे लोकही मेले असते. विमानात एक माणूस चुकीच्या जागी बसला तर काय होतं, ते आज तुम्ही पाहिलंत."

"पाह्यलं कुठं?" भुरीबाई काकुळतीनं म्हणाल्या. "तिथं खिडकीच नाई साहेब. अंधार गुडुप. ही माह्या आंगावर पडली, मी ताडपत्रीवर. ही चिंतामणीचा धावा करून राह्यली, मी आईच्या नावानं याडी-याडी करून राह्यली. वर गेलो का खाली आलो, तेबी समजलं नाई."

आधी लखीराम हसला. मग कुणीतरी मागे हसलं. मग सगळा माळ हसायला लागला. कॅप्टन शेवटपर्यंत गंभीर राहायचा प्रयत्न करत होते, पण त्यांच्या मिशा हलल्याच.

हसल्या नाहीत त्या तुळसाबाई. काट्यावरून उतरून त्या सरळ देवरावपुढे उभ्या राहिल्या.

"बापा, तुह्या हिशेबात काई चुकलं नव्हतं. चूक माही होती. मले ठाऊक असतं तं सकाळीच बोलली असती."

"काकू," देवराव म्हणाला, "मलाच वाटायला लागलं होतं, की मला येत नाही."

हे ऐकून पंजाबरावांनी मान खाली घातली. त्यांनी कागदाचे चार तुकडे केले, फेटा सारखा केला, पुन्हा सारखा केला. मग सगळ्या गावासमोर ते देवरावजवळ आले.

"देवराव, म्या जे बोललो थे निस्तं हिशेबाचं नव्हतं," ते म्हणाले. आवाज या वेळी मोठा नव्हता. "थे बोलणं वाईट होतं. मले माफ कर."

देवरावनं त्यांच्याकडे क्षणभर पाहिलं. "हिशेब कसा करतात ते शिकवू का, पंजाबराव?" तो म्हणाला. "तास लागेल."

"शिकव," पंजाबराव म्हणाले आणि खरोखरच धुळीत मांडी घालून बसले.

चार वाजता फोन गेला. त्यात कॅप्टननी एवढंच सांगितलं, की विमान ठीक आहे, हिशेब ठीक आहे आणि उद्या निघतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोती चढवण्याआधी कॅप्टन देवरावला म्हणाले, "रिकाम्या विमानाची एक घिरटी घेऊन मग भरू. नवा कागद कर. दोन नावं लिही. तुळसाबाई आणि भुरीबाई. यांना बसव कुठे ते तू ठरव."

"पंखाजवळ," देवराव म्हणाला. "अगदी मधोमध. खिडकीशी."

त्यानं नावं लिहिली, वजनं लिहिली, अंतरं लिहिली. बेरीज करणार तोच कॅप्टन म्हणाले, "तिसरं नाव राहिलं."

"कुणाचं?"

"तुझं. तीन वर्षं विमानं भरतोस. कधी बसलायस?"

देवरावनं मान हलवली. कधीच नाही. विमान उडालं की तो खाली उभा राहायचा, कागदाची दुसरी प्रत हातात घेऊन.

लखीरामनं त्याला काट्यावर उभं केलं. "एक मण सव्वीस शेर," त्यानं सगळ्या माळाला ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं. देवरावनं स्वतःचं नाव लिहिलं, स्वतःचं अंतर गुणलं आणि खाली सही केली.

विमान धावलं. शेपूट अलगद उचललं, मग चाकं, आणि मुरमाचा खडखडाट एकाएकी थांबला. तुळसाबाईंनी डोळे घट्ट मिटले आणि लगेच उघडले. खाली दिग्रस होतं. जिनांची पत्र्याची छपरं, कपाशीच्या गाड्यांची रांग. पलीकडे टेकड्यांच्या मधून गेलेली एक फिकट, वाकडीतिकडी रेघ.

"देवराव, थे पाह्य!" भुरीबाई काचेला नाक लावून ओरडल्या. "थे आमची लदेणीची वाट! माह्या सासऱ्याच्या बापाचे लादलेले बैल तिथूनच जायचे. पुरी दिसून राह्यली, पुरी!" त्या उठल्या. "थांब, मागच्या खिडकीतून अजून बेस दिसन."

"काकी, खाली बसा!" देवराव आणि तुळसाबाई एकदमच ओरडले. पुढून कॅप्टनही ओरडले.

भुरीबाई झटकन बसल्या. देवरावनं त्यांच्या ओढणीचं टोक मुठीत धरून ठेवलं, आणि दुसऱ्या खिडकीतून तो स्वतः खाली पाहू लागला. तो इतका हसत होता, की सगळं पाण्यातून दिसावं तसं दिसत होतं.